कुठेही चालतो? नाही हो

फॉन्टवरचा लेख मस्त, फक्त जाड स्लॅब-सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना जाड चौकोनी पाय (सेरिफ) असलेला फॉन्ट, 'कुठेही चालतो' असं त्यात लिहिलंय ते काही पटलं नाही. ठाण्यात साइनबोर्डची कामं करतो म्हणून सांगतो, हा फॉन्ट जन्मालाच आला तो लांबून दिसायला, १८१५-१७ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने असे टाइप काढले आणि मग पोस्टरवाल्यांनी ते उचलूनच धरले.

घोडबंदर रोडवर चालत्या गाडीतून वाचायचा बोर्ड असेल तर याला तोड नाही. बोर्डावर चिकटवायचं विनाइल कापताना नाजूक सेरिफची टोकं सोलतानाच फाटतात, फाटली नाहीत तर पावसाळ्यात उचलतात, स्लॅबचे चौकोनी पाय मात्र घट्ट बसतात. अक्रिलिकच्या अक्षरात आत एलईडी बसवायलाही जागा मिळते, हा फायदा कोणी लिहीतच नाही!

पण हाच फॉन्ट मेनूकार्डवर बारीक टाकला की इंग्रजी ए आणि ई ची पोटं शाईने भरतात, मग वाचा काय वाचायचं ते.

आणि मराठीचं काय? नियमाने बोर्डावर मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत, तर लोक साइज तेवढाच ठेवतात पण वर दणकट स्लॅब आणि खाली कॉम्प्युटरमध्ये आधीच असलेला काडीपैलवान देवनागरी, शिवाय तो रुंदी भरायला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणलेला, नाहीतर अक्षरांत स्पेसिंग देऊन शिरोरेषा तोडलेली. त्यापेक्षा मुक्ता या देवनागरी फॉन्टचा एक्स्ट्राबोल्ड (सगळ्यात जाड प्रकार) घ्या ना, फुकट आहे आणि वजनाला बऱ्यापैकी जुळतो.