मॉन्टेसरीबाईंचं नाणं आणि 'श्रीमंतांची शाळा'

लहान मुलांना शिकवण्याची नवी पद्धत घडवणाऱ्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या जन्माला १५० वर्षं झाली म्हणून इटलीने २०२० मध्ये दोन युरोचं नाणं काढलं. त्याचा फोटो लावून एक मजकूर फिरतोय: 'हे दुर्मिळ नाणं लाखोंना विकलं जातं. बाई इटलीच्या पहिल्या स्त्री डॉक्टर. पण त्यांची पद्धत श्रीमंतांच्या पोरांची, आपल्या मातीशी तिचा संबंध नाही.'

लाखोंची गोष्ट सोडा. हे चलनातलं नाणं आहे. युरो चालतो त्या कुठल्याही देशात दुकानदार ते घेईल, पण दोन युरोलाच.

पहिल्या डॉक्टरही त्या नव्हेत. त्या रोममध्ये १८९६ साली पदवीधर झाल्या. एर्नेस्टिना पेपर यांनी फ्लॉरेन्सला १८७७ मध्येच वैद्यकीची पदवी घेतली होती. मॉन्टेसरीबाईंना मोठं करायला दुसऱ्या बाईचं नाव पुसायचं कारण नाही.

आता 'श्रीमंतांची पद्धत'. हे वाचून खरंच वाईट वाटतं. आज काही शाळा मॉन्टेसरीची पाटी लावून भरमसाट फी घेतात, त्याचा राग रास्त आहे. पण तो या बाईंवर का? आधी त्यांनी बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या, इतरांनी आशा सोडलेल्या मुलांसोबत काम केलं. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. आईबाप कामावर जात, मुलं दिवसभर जिन्यात हुंदडत आणि भिंती खराब करत. घरमालकांना त्यांना सांभाळणारं कुणी हवं होतं, म्हणून त्याच इमारतीत एक खोली मिळाली. ज्यांना फक्त आवरून ठेवायचं होतं, ती मुलं तिथे एकाग्रतेने काम करू लागली. पद्धत उभी राहिली ती या मुलांच्या निरीक्षणातून.

आणि आपली माती? बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला शिक्षक गिजुभाई बधेकांसोबत मॉन्टेसरी विचारावर काम करून महाराष्ट्रात आल्या. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला शिक्षिका अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीही हेच काम चाललं. १९७५ पासून सरकारी योजनेतून गावोगाव निघालेल्या अंगणवाड्यांच्या मुळाशी याच बायकांची मेहनत आहे.