बोटी बंद केल्या की बुडणं थांबेल?

पवना धरणात कुणी बुडालं की व्हॉट्सॲपवर मागणी फिरू लागते: ‘धरणांवरचं बोटिंग, कयाकिंग सरसकट बंद करा, माणसं बुडायची थांबतील.’ कळकळ खरी आहे. उपाय मात्र चुकतोय.

‘बोटीमुळेच जीव जातात.’ बातम्या नीट वाचा. वारंवार दिसतात ती काठावरून पोहायला उतरलेली तरुण मुलं. धरणाचा तळ सपाट नसतो. खाली बुडालेल्या शेतांचे बांध असतात, विहिरी असतात, ओढ्याचं जुनं पात्र असतं. कमरेएवढं पाणी पुढच्याच पावलाला डोक्यावरून जातं आणि पाय गाळात रुततो. बोटी हटवल्याने यातलं काय बदलणार?

‘उजनी विसरलात?’ नाही. 21 मे 2024 ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ते जलक्रीडेला आलेले नव्हते. पलीकडच्या गावी जायला बोट हाच जवळचा मार्ग होता. जलक्रीडाबंदीने ती बोट थांबली नसती.

‘वडोदऱ्याच्या हरणी तलावात तर महापालिकेनेच बोटिंगचा ठेका दिला होता, मग नियमांचा उपयोग काय?’ हा मुद्दा सगळ्यात वजनदार. तिथे 18 जानेवारी 2024 ला बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. पण बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेटच नव्हतं. म्हणजे नियम पाळलेच गेले नव्हते. नुसतं जॅकेट चढवूनही भागत नाही. खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. पाण्यात तेच तोंडावर येईल. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती माणसानेच करायची असते.

काही ठिकाणी बंदी हवीच: सांडव्याजवळ, पावसाळ्यात, अंधार पडल्यावर. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, तेव्हा तिथे पेट्रोलची इंजिनंही नकोत. वल्ह्याच्या कयाकला मात्र हे कारण लागू होत नाही.

‘धरणावर खेळ हवेतच कशाला?’ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) कॅडेट शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. शिकवून, नजर ठेवून हे होऊ शकतं.

सरसकट बंदी आली तर फलक लावून बसलेला परवानाधारक घरी जाईल, पण काठावरच्या बंगल्यामागून रात्री गुपचूप सुटणारी बोट सुटतच राहील. त्यापेक्षा प्रत्येक धक्क्यावर एक माणूस नेमा. त्याने डोकी मोजावीत, पट्टे ओढून बघावेत आणि वारा वाढला की कुणालाही न विचारता बोट थांबवण्याचा अधिकार त्याला असावा.