भाजलेल्या पेशंटला "फक्त पेज आणि नारळपाणी" वाला फॉरवर्ड
फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की भाजलेल्या माणसाला २१ दिवस अंडी, मटण, डाळ, आंबट सगळं बंद, फक्त पेज आणि नारळपाणी, नाहीतर पू होतो नि उष्णता वाढते, आणि नळीने तर अजिबात भरवू देऊ नका. मावशी तीसेक टक्के भाजली तेव्हा आम्हीपण डब्यातून पेजच नेत होतो, डाएटिशियन बाईंनी झापलं तेव्हा कळलं.

आधी पू. पू जंतूंमुळे होतो ओ, डाळीमुळे नाही. जखमेतून जे पाणी झिरपत असतं त्यातून प्रोटीन वाहून जातंच, वर एवढं भाजलं की नुसतं पडून असलं तरी शरीराचा ऊर्जेचा खर्च दीडपट, कधी दुपटीपर्यंत जातो, आणि पोटात काही गेलं नाही की ते स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. मग जखम भरत नाही, लावलेली कातडी धरत नाही, प्रतिकारशक्ती ढासळते आणि तेव्हा खरंच पू होतो. एरवी दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, इथे दीड ते दोन लागतं. मावशी ५० किलोची, म्हणजे ७५ ते १०० ग्रॅम. एका अंड्यात ६, वाटीभर पेजेत जेमतेम एक-दोन. करा हिशोब.

उष्णतेचं म्हणाल तर अंग तापतं ते भाजल्यामुळेच, अंड्याने नाही. पेशंट उलट कुडकुडत असतो, बर्न्स वॉर्ड मुद्दाम उबदार ठेवतात.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. किडनीला मार बसला असेल तर पोटॅशियम साठून हृदयावर येतं, त्यामुळे विचारल्याशिवाय नको.

आंबटातून तर व्हिटॅमिन सी मिळतं, जखम भरायला ते लागतंच. तोंड भाजलं असेल तर झोंबेल, एवढंच.

आणि नळी बघून रडू नका (आम्ही रडलो होतो). आतडं चालू राहावं म्हणून ती पहिल्या २४ तासांतच सुरू करतात.

२१ दिवस कुठून काढले देव जाणे, शरीराचा हा वाढलेला खर्च घरी आल्यावरही महिनोन्‌महिने चालतो. मावशी अंडं खात नाही, मग धिरडी, पनीर, शेंगदाण्याचा लाडू, खिरीत दूध पावडर, दर दोन तासांनी थोडं थोडं. शुगर किंवा किडनीवाल्यांनी मात्र आमचं बघून करू नका, त्यांचं गणित वेगळं असतं.