‘साइटवर पाय ठेवलेला दिसत नाही’ असं लिहिणाऱ्या वाचकांस

‘जुना साइट इंजिनिअर’ या नावाने लिहिणारे महोदय,

नमस्कार. बांधकाम कंपन्यांनी आपत्तीतून सावरण्यासाठी हायब्रिड क्लाउड (म्हणजे काही यंत्रणा आपल्या जागी आणि काही इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये, दोन्ही एकमेकांना जोडलेल्या) कसा वापरावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात काही भलतं लिहून जाईल म्हणून थांबलो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. हायब्रिड क्लाउड म्हणजे जुन्या बॅकअपलाच दिलेलं नवं नाव. बांधकाम कंपनीला दोन हार्ड डिस्क पुरतात. आपत्तीनंतर सावरण्याची आरटीओ आणि आरपीओ ही जी दोन मोजमापं, त्यांची मी गल्लत केली. क्लाउडमधून डेटा परत आणण्याचा खर्च मी सांगितला नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेखकाने आयुष्यात कधी साइटवर पाय ठेवलेला दिसत नाही, एसी खोलीत बसून विक्रेत्यांची पत्रकं उतरवून काढली आहेत.’

माझी चूक आधी मान्य करतो. लेखातल्या तक्त्यात दोन रकान्यांची शीर्षकं उलटसुलट पडली होती. काम किती वेळात पुन्हा सुरू झालं पाहिजे तो आरटीओ, आणि शेवटच्या किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल तो आरपीओ. तक्ता दुरुस्त केला आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं, आणि ते लपवण्याचं काही कारण नाही. लेख चुकला म्हणा, मुद्दा पटला नाही म्हणा, मी ऐकून घेईन. माणूस कुठे उभा राहिला आणि कुठे नाही, हे त्याला न विचारता तुम्ही कसं ठरवलंत?

मी नऊ वर्षं एका बांधकाम कंपनीच्या संगणक विभागात होतो. त्यातली चार वर्षं साइट ऑफिसात काढली. कंटेनरची केबिन, सर्व्हरच्या पंख्यात साचलेली सिमेंटची धूळ, जनरेटर बदलताना दर वेळी किंचाळणारा यूपीएस, हे मी कुठल्या पत्रकात वाचलेलं नाही. पंखे मी स्वतः ब्रशने साफ केले आहेत.

त्यातली एक साइट पुलाची होती. केबिन नदीकाठी, सखल जागेवर. सर्व्हर टेबलाखाली. आणि महोदय, आमच्याकडेही दोन हार्ड डिस्क होत्या. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी त्याच केबिनमधल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. तिसरी प्रत मुख्य कार्यालयात जायची, पण साइटचं नेट इतकं मंद की ती डिस्क पंधरा दिवसांतून एकदा गाडीतून पाठवायचो. एका रात्री पाणी चढलं. सकाळी केबिनचं दार उघडलं तेव्हा सर्व्हर, दोन्ही डिस्क आणि कागदी फायली एकाच चिखलात होत्या. मुख्य कार्यालयातली प्रत 11 दिवसांपूर्वीची होती.

11 दिवस म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या सकाळी तसंच वाटलं होतं. नकाशे दोन दिवसांत परत मिळाले, कारण ते सल्लागारांकडे होते आणि ईमेलमध्येही होते. मालाच्या पावत्या पुरवठादारांनी पुन्हा दिल्या. पुलाच्या संगणकावरच्या मॉडेलची मध्यवर्ती फाइल गेली होती, पण एका अभियंत्याच्या लॅपटॉपवर त्याची स्थानिक प्रत होती, तिच्यावरून नवी उभी केली. परत आल्या नाहीत त्या पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या, नोंदी. बोअर किती खोल गेलं, खडक कुठे लागला, काँक्रीट किती घनमीटर उतरलं, पिंजऱ्यात कोणत्या व्यासाच्या किती सळया होत्या आणि त्या तपासणी-पत्रकावर ग्राहकाच्या अभियंत्याची सही. स्कॅन सर्व्हरवर होतं, मूळ कागदाचा लगदा झाला होता.

भिंत पुन्हा मोजता येते, फरशी पुन्हा मोजता येते. काँक्रीटच्या पोटात गेलेली सळई पुन्हा मोजता येत नाही. आम्ही पाइलच्या डोक्यावर हातोडी मारून इंटिग्रिटी चाचणी करून घेतली. तिच्यात पाइल सलग आहे की मध्ये तुटलाय याचा अंदाज आला, आत सळया किती आहेत ते तिच्यातून कळत नाही. त्या पाइलांचं बिल कित्येक महिने अडकलं. ज्या मुकादमाच्या टोळीने ते काम चोख केलं होतं, त्याच्यासमोर बसून ‘तुमच्या कामाचा पुरावा नाही’ हे सांगणं माझ्या वाट्याला आलं. तो काही बोलला नाही, उठून गेला. साइटवर पाय ठेवला का, असं मला विचारणाऱ्याने हे वाचावं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

माझ्या लेखाचा गाभाही हाच होता. बांधकामातला काही डेटा झाकल्या गेलेल्या कामाचा एकमेव साक्षीदार असतो. कारखान्याला किंवा दुकानाला जो आरपीओ चालेल, तो इथे सरसकट लावता येत नाही. नकाशांचा एक दिवस गेला तरी निभावतं. ओतकामाच्या नोंदीचा एक तासही जाता कामा नये. सुदैवाने या नोंदी आकाराने लहान असतात, काही किलोबाइट, फोटोंसह काही मेगाबाइट. मंद नेटवरूनही त्या लगेच बाहेर पाठवता येतात. लेझर स्कॅनचे अवजड पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या फाइली, रात्री सावकाश जाऊ देत.

आता ‘जुन्या बॅकअपलाच नवं नाव’ याबद्दल. अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात हायब्रिड म्हणजे दोन किंवा अधिक वेगळी क्लाउड व्यवस्था, ज्या आपापल्या जागी स्वतंत्र राहून अशा जोडलेल्या असतात की डेटा आणि प्रणाली इकडून तिकडे नेता येतात. यातला ‘प्रणाली’ हा शब्द महत्त्वाचा. बॅकअप म्हणजे नुसती प्रत. इथे सर्व्हरच दुसरीकडे चालू करता येतो. साधा हिशेब करा: 10 टेराबाइट डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून खाली उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. तेवढे दिवस साइट थांबत नाही. म्हणून डेटा खाली ओढत बसण्यापेक्षा तो जिथे आहे तिथेच सर्व्हर उभा करायचा आणि लोकांनी ब्राउझरमधून काम सुरू करायचं. उलट रोज लाइन तुटते तेव्हा साइटवरचा सर्व्हर हाताशी लागतो, म्हणून सगळंच क्लाउडवर टाकूनही भागत नाही. दोन्ही टोकं लागतात. हे लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का, ही शंका मला राहते.

आणि विक्रेत्यांची पत्रकं? त्याच लेखात मी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची आग लिहिली आहे. 10 मार्च 2021 ला तिथलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्हीकडचं गेलं. मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्ती निधीचं गूगल क्लाउडवरची खाजगी क्लाउड व्यवस्था एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप कामी आले. विक्रेत्याची भाटगिरी करणारा माणूस हे लिहील? तुम्हाला माझा हेतू संशयास्पद वाटला, पण संशयासाठी एक ओळसुद्धा तुम्ही लेखातून दाखवली नाहीत. हे मला अप्रामाणिक वाटतं, आणि तसं स्पष्ट सांगतो.

दोन डिस्कचं उत्तर वर आलंच आहे. एकच भर घालतो. जानेवारी 2020 मध्ये बुईग कन्स्ट्रक्शन या फ्रेंच बांधकाम कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून कंपनीला आपली संगणक यंत्रणा बंद करावी लागली. अशा हल्ल्यात सर्व्हरला जोडलेली डिस्क सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते. ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाही, अगदी ॲडमिनलाही, बदलता किंवा पुसता येणार नाही अशी एक प्रत लागते. तुमच्या कपाटातली डिस्क त्या जागी चालेलही, पण ती रोज काढून दुसऱ्या इमारतीत नेणारा माणूस हवा. असा माणूस मी चार वर्षांत एकही पाहिला नाही. मी स्वतःही तो नव्हतो.

डेटा परत आणण्याच्या खर्चाबद्दल: तो असतो, लेखाचा तो विषय नव्हता. त्यावर इथे वाद घालणार नाही.

या ब्लॉगवर मी माझ्या खऱ्या नावाने लिहितो. तुम्ही टोपणनावाने लिहिता, तो तुमचा हक्क. पण टोपणनावाआडून दुसऱ्याचा अनुभव खोटा ठरवू नका. साइट तुमच्या एकट्याच्या मालकीची नाही. पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, छापीन. त्यात एवढं मात्र सांगा, की तुमच्या त्या दोन डिस्क रात्री कुठे असतात.