मळा सोडून नारायणगावला जाणाऱ्यांना नावं ठेवू नका

आमच्या जुन्नर तालुक्यात कांदा-टोमॅटोचे दोन पैसे हातात आले की घराघरात एकच विषय निघतो. नारायणगावला नाहीतर आळेफाट्याला फ्लॅट बघायचा का? मग कोणी गेलं की मागे बोलणी सुरू. "सुनेला मळ्यात करमेना", "शेणामातीची लाज वाटायला लागली."

हे ऐकलं की मला मनापासून राग येतो. माझी धाकटी जाऊ मुलांना घेऊन नारायणगावला भाड्यानं राहते, दीर मळ्यातच असतात. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की ती स्कूटीवरून मळ्यात येते, बायकांबरोबर खुरपायला बसते, गोठा झाडते, दिरांच्या दोन वेळच्या भाकरी करून ठेवते आणि शाळा सुटायच्या आत धावतपळत परत जाते. कांदाकाटणीच्या दिवसांत तर तिच्या बोटांच्या चिरा भरून येत नाहीत. तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं, शेती सोडली म्हणून?

ती गेली ती भीतीनं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कॅनॉलला पाणी आलं, बारमाही ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्यानं घर केलं. मादी उसातच विते, तोडणीला पिल्लं सापडतात. दिवस कलला की लेकरू अंगणात एकटं सोडायची सोय राहिलेली नाही. त्यात शेतीची थ्री-फेज लाइट पाळीनं येते. रात्रपाळी असली की बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जायचं, पाणी धरायचं. माणूस परत येईपर्यंत घरातल्या बाईचा डोळा लागत नाही. पावसाळ्यात पाणंदीत एवढा चिखल होतो की शाळेची गाडी फाट्यावरच थांबते. तिथपर्यंत पोरांनी उसाच्या कडेनं चालत जायचं.

म्हणून जाणाऱ्याला मी अडवणार नाही. पण दोन चुली परवडत नाहीत, हेही डोळ्यांनी बघते आहे. भाडं, व्हॅनची फी, आणि घरच्या गाई असताना पिशवीचं दूध विकत! दीर एकटे पडले, धार काढायला माणूस मिळेना, एक गाय विकावी लागली. माझं स्पष्ट मत आहे, जायचंच तर भाड्यानं राहा. कर्ज काढून फ्लॅट घेऊ नका, गोठा मोडू नका. एकदा गोठा मोडला की परत यायचं कारणच उरत नाही.

आणि पैसा असेल तर आधी मळ्याचा रस्ता करा. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कोणी अडवली, तर मामलतदार न्यायालय कायद्यानं ती मोकळी करून घेता येते. रस्ता झाला की शाळेची गाडी दारात येते, दुधाची येते, अडीनडीला दवाखान्यात लवकर पोचता येतं. दिवसा लाइट मात्र सगळ्यांनी मिळून मागायची आहे. एकेकट्यानं विनवण्या करून ती मिळणार नाही. ग्रामसभेत हा विषय पुरुष मांडतात तेव्हा पिकाच्या पाण्यापुरताच मांडतात. बायकांनी उठून सांगायला हवं की रात्रीच्या पाळीमुळे घरं फुटतायत.

ज्यांच्या मळ्यात बांधकऱ्यांना समजावून रस्ता झालाय, त्यांनी तो कसा केला ते खाली नक्की लिहा. आमच्याकडे दोन बांध अजून अडलेत.