लाइन गेली, लाइन आली

गावाकडचं माणूस 'लाइन गेली' म्हणालं की काही शहरी मंडळींना हसू येतं. 'लाइन नाही हो, लाइट' असं दुरुस्त करून देणारेही भेटतात. मला ही दुरुस्तीच चुकीची वाटते.

रात्रपाळीची वीज असलेल्या शेतकऱ्याकडे जाऊन बघा. घरात बल्ब जळत असतो, टीव्ही चालू असतो, पण विहिरीवरची मोटार बंद. कारण घरापुरती सिंगल फेज (एकाच तारेतली वीज) असली तरी मोटारीला थ्री फेज (तिन्ही तारांतली) लागते, आणि ती येणार मध्यरात्रीनंतर. तो बॅटरी घेऊन शेतात जातो, पेटीतले तिन्ही इंडिकेटर लागलेत ना ते बघतो (एक फेज कमी असताना मोटार चालवली तर जळालीच समजा) आणि मग स्टार्टरचं बटण दाबतो. म्हणजे तोवर लाइट आहे, पण लाइन नाही. त्याच्या बोलण्यात दोन शब्दांची दोन कामं आहेत. हसणाऱ्याकडे एकच शब्द आहे.

बरं, विजेच्या तारेला लाइन म्हणणं आपण शोधलेलं नाही. लाइनमन हा शब्द इंग्रजीतच तारायंत्राच्या तारा ओढणाऱ्यांसाठी वापरला जायचा.

मुळात हा शब्द जवसाचा. हो, आपण चटणी करतो तेच जवस! लॅटिनमध्ये जवस म्हणजे 'लिनुम' आणि त्याच्या सालीचा धागा 'लिनेआ'. लिनन कापड त्यातलंच. कपड्याचं अस्तर पूर्वी लिननचं असायचं, म्हणून लायनिंग. धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते. तिथून मग रेघ, रांग, कवितेची ओळ, नटाचे संवाद, आगगाडीचा मार्ग, कपाळावरची आठी, टेलिफोन, घराण्याचा वंश, पोटापाण्याचा धंदा, सगळं लाइनच.

मराठीत सुताने हेच केलंय. सूत म्हणजे धागा, पण गवंडी भिंत सुतात आहे का बघतो, सळई तीन सूत की चार सूत असं दुकानदार विचारतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि दोघांचं सूत जुळतं ते वेगळंच. हल्लीची पोरं लाइन मारतात. धागा तोच, फक्त जवसाचा!

यातला एक अर्थ मात्र अंगावर येतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत काही फुटांवर लाकडी कठडा घातलेला. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची. त्या कठड्याचं नाव डेडलाइन. त्या छावणीत सुमारे 13,000 कैदी मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. छावणीप्रमुख हेन्री विर्झला 1865 मध्ये फाशी झाली. पुढे अमेरिकेतली वर्तमानपत्रं हाच शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरू लागली. आता आपला साहेब दर शुक्रवारी तो तोंडावर फेकतो.

आणि आपल्या शाळांत काय चालतं? वहीच्या पानाला मधोमध घडी, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ. लाइन म्हणजे रेषा, पाठ करा. स्पर्धा परीक्षांचे क्लास तर पाच अक्षरी अगडबंब शब्दांच्या याद्या घोकून घेतात. ते शब्द खरं तर सोपे असतात, एकदा अर्थ कळला की संपलं. पोराची दांडी उडते ती लाइन, सेट, रन, टेक अशा चिल्लर शब्दांवर, आणि तेच रोज लागतात. नागपुरातलं सिव्हिल लाइन्स, मुंबईतलं मरीन लाइन्स, गावोगावच्या पोलीस लाइनी यांत लाइन म्हणजे ओळीने बांधलेल्या बराकी, वसाहती. वहीतला अर्थ घेऊन गेलं तर मरीन लाइन्सला उतरून समुद्रावर रेघ शोधावी लागेल. एका शब्दाला निदान पाच वाक्यं करून आणा, असा गृहपाठ कुणी देतं का हो? देत असाल तर सांगा, आमच्या भाच्याला तुमच्याकडे पाठवतो.