कपाटाची किल्ली

चौथीला अपूर्णांक शिकवताना अर्ध्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान म्हटलं की वर्ग पेटतो. "बाई, चार मोठे ना तीनापेक्षा?" यावर एखादं गोष्टीचं नाहीतर कोड्यांचं पुस्तक मिळावं, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात गेले. कुठल्या, ते सांगत नाही. मला तिथे परत जायचंय.

कॉम्प्युटरवर 'अपूर्णांक' टाकलं. शून्य नोंदी. पू ऱ्हस्व केला, तर दोन पुस्तकं टुणकन हजर! म्हणजे नोंद करणाऱ्याचं शुद्धलेखन ओळखा, मगच पुस्तक मिळवा. त्यातही पुस्तकांच्या विषयवार क्रमांकांत अंकगणित ५१३ मध्ये आणि प्राथमिकला गणित कसं शिकवावं ते ३७२.७ मध्ये, हॉलच्या दोन टोकांना. हे क्रमांक ठरवणाऱ्या ड्युईसाहेबांची पद्धत दशांश, पण अपूर्णांकांची पुस्तकं तिच्यात एका घरात नांदत नाहीत.

"काय शोधताय?" शेजारी सुडोकू सोडवणाऱ्या काकांनी मान वर न करता विचारलं.

"अपूर्णांक."

"अपूर्ण नाहीत हो. दिवाळी अंक सगळे आहेत. एखाद-दुसऱ्याची पानं गेलीत, तेवढंच."

"गणितातले, काका. मुलांसाठी."

"मग मुलांना पाठवायचं ना! तुम्ही कशाला उन्हातान्हाच्या?" एवढं बोलून त्यांनी सातचा नऊ केला. "आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे तोंडपाठ असायचे. पुस्तकं कोणाला हवी होती?" माझा नवराही नेमकं हेच म्हणतो, पण त्याला दिडकी येत नाही.

बाल विभाग म्हणजे एक काचेचं कपाट. त्याला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. वर भिंतीवर रंगनाथन यांचा फोटो. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम, १९३१ सालचा. काचेतून मला हवं असलेलं पुस्तक दिसत होतं, जाडजूड बक्षीस-संचाखाली दबलेलं. मुलं पुस्तकं फाडतात म्हणून कुलूप, म्हणे. आणि मुलं वाचत नाहीत म्हणून याच हॉलमध्ये परिसंवाद होतात, चहा-बिस्किटांसकट. राग येतो तो याचा.

"किल्ली असली तरी तुम्हाला मिळणार नाही," काकांनी माहिती पुरवली. "बाल सभासदालाच देतात."

"मी शिक्षिका आहे."

"वय किती?"

मी गप्प बसले.

"माझ्याकडे आहे कार्ड," काकांनी आवाज खाली आणला. "नातवाच्या नावावर. तो पुण्याला गेला, वर्गणी मीच भरतो. एका वेळी एकच पुस्तक मिळतं."

मला काका एकदम देवमाणूस वाटले. सोमवारी किल्लीवाले येणार होते, आणि मंगळवारी माझी घटक चाचणी.

"काका, मग सोमवारी तेवढं..."

"छे छे! सोमवारी मला भुताच्या गोष्टींचा दुसरा भाग न्यायचाय. महिनाभर नंबर लावून बसलोय. तुमचं पुढच्या आठवड्यात बघू."